शर्यत संपल्यानंतर

आमच्या परिचयाचे एक तरुण शिक्षक आहेत. ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन कॉम्रेड्स नावाची शर्यत पुरी करून आले. डरबन हे समुद्रकाठचे शहर आणि पीटरमॅरिट्झबर्ग हे आतील उंच प्रदेशातले शहर, ह्यांमधील सुमारे नव्वद किलोमीटरांचा चढउतारांचा रस्ता बारा तासांच्या आत धावून काटावयाचा, अशी ती शर्यत आहे. (ज्या ठिकाणी १८९३ साली गांधीजींना रात्री आगगाडीतून उतरवून देण्यात आले, तेच हे पीटरमॅरिट्झबर्ग.) पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या स्मरणार्थ ती १९२१ साली सुरू झाली. बारा तास भरताच एक अधिकारी धावणाऱ्यांकडे पाठ करून बंदुकीचा बार काढतो. त्यानंतर जो एका पावलाने मागे राहिला, त्यासही पदक नाही. अलीकडे आपल्या देशातून शेकडो माणसे तेथे जातात.

शिक्षक वेळेच्या आत पोहोचले. गावाने हार घातले, शाळेत सभा झाली. त्यानंतर चार महिन्यांनी त्यांचे आम्हांस पत्र आले. "पाळकसाहेब, जोडे दाराआड पडून आहेत. पहाटे जाग येते, पण उठवत नाही. ज्या निश्चयाने मी दीड वर्ष पहाटे चार वाजता उठलो, तो निश्चय पदक गळ्यात पडताच कोठे गेला? तो मुळी माझा होता की नव्हता?"

वाचकहो, हा प्रश्न एकट्या धावणाऱ्याचा नाही. मुलीचे लग्न पार पडल्यावर, परीक्षा संपल्यावर, मंदिराचे छप्पर चढल्यावर अशी पोकळी ज्याने अनुभवली नाही असा मनुष्य विरळा. परंतु धावणाऱ्याच्या बाबतीत ती अधिक उघड दिसते, कारण तेथे मनाबरोबर शरीरही साक्ष देते.

प्रथम शरीराचे म्हणणे ऐकले पाहिजे. इतके लांब धावल्याने मांड्यांच्या व पोटऱ्यांच्या स्नायूंचे बारीक तंतू जागोजाग फाटतात, आणि उतारावर तर फारच, कारण तेथे प्रत्येक पावलाला स्नायूंनी देहाचा भार आवरून धरावा लागतो. स्नायूंत साठवलेले इंधन संपलेले असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणे अधिक वाढते. दुखणे थांबले म्हणजे सर्व भरून आले असे नव्हे. आतील डागडुजी पुढे कित्येक दिवस चालूच असते. अशा वेळी अंथरुणातून उठावेसे न वाटणे ह्यास आळस म्हणणे अन्याय होय. ती देणेकऱ्याकडून होणारी वसुली आहे. कर्मेल डोंगरावरचा मोठा दिवस संपल्यावर एलीया अहाबाच्या रथापुढे इज्रेलापर्यंत धावला आणि लगेच पुढे रतामाच्या झुडुपाखाली पडून मरण मागू लागला, हे आपण सर्व जाणतो. तेथे त्याला प्रथम बोध मिळाला नाही, भाकर, पाणी आणि झोप मिळाली. तीही दोन वेळा. उपदेश करावयास धावणाऱ्या आम्हां पाळकांनी हा क्रम नीट पाहावा.

परंतु विश्रांतीलाही सीमा आहे. धावणे अजिबात सोडले तर पहिल्या दोन आठवड्यांतच रक्तातील पाण्याचा अंश घटू लागतो, हृदयाच्या एका ठोक्यासरशी पूर्वीइतके रक्त पुढे जात नाही, आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दम लागणे स्पष्ट जाणवते. चार महिन्यांनी तर कमावलेल्यातले पुष्कळसे गेलेले असते. सगळे जात नाही, हेही खरे. वर्षानुवर्षे कमावलेला देह अगदी नवख्याच्या पायरीवर उतरत नाही.

मग शिक्षक का उठत नव्हते? आम्ही भेटीस गेलो तेव्हा खरी गोष्ट निघाली. एके सकाळी ते धावावयास निघाले होते. ओढ्यापाशीच छाती भरून आली व ते थांबले. तेवढ्यात सायकलवरून जाणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "गुरुजी, दमलात?" त्या दिवसापासून जोडे दाराआड गेले.

ह्याला आम्ही आळस म्हणणार नाही. ही शरम आहे, आणि शरमेच्या आत अहंकार आहे. नवशिक्याला ओढ्यापाशी थांबण्याची लाज वाटत नाही. ज्याच्या गळ्यात पदक पडले त्याला ती वाटते. तो आजच्या स्वतःशी नव्हे, तर शर्यतीच्या दिवसाच्या स्वतःशी पैज लावतो आणि रोज हरतो. निश्चयाविषयी विचाराल तर तो खोटा नव्हता. परंतु तो एका तारखेला दिलेला होता. तारीख उलटली आणि त्याची मुदत संपली. आता जो निश्चय करावयाचा तो नवा असला पाहिजे. जुन्याच्या नावाने हाका मारून तो येणार नाही.

त्याच शर्यतीत वॉली हेवर्ड नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. १९३० साली, एकवीस वर्षांचे असताना, पहिल्याच प्रयत्नात ते पहिले आले. पुढील वीस वर्षांत त्यांनी ह्या शर्यतीत पाऊल टाकले नाही. मध्यंतरी दुसरे महायुद्धही होऊन गेले. १९५० साली ते परत आले आणि पुन्हा जिंकले. नंतर १९५१, १९५३ व १९५४ सालीही. इतके होऊनही आम्हांस त्यांचे थोरपण वाटते ते निराळ्याच गोष्टीत. १९८८ साली, एकुणऐंशी वर्षांचे असताना, ते पुन्हा त्या रस्त्यावर उभे राहिले आणि पावणेदहा तासांच्या आत पोहोचले. पुढल्या वर्षी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांचे इतके हाल झाले की बार निघावयास दोन मिनिटेही उरली नसताना ते कसेबसे आत आले. (त्या काळी मुदत अकरा तासांचीच होती.) पाच वेळा जिंकलेला मनुष्य हजारोंच्या डोळ्यांदेखत सर्वांच्या मागून लडखडत येतो! त्याने ही लाज मोठी मानली असती तर तो घरीच बसला असता. ह्यानंतर मात्र त्यांनी ती शर्यत सोडली, आणि तेही आम्हांस तितकेच योग्य वाटते.

आता उपायाचे. शेतकरी वाचकांस हे आम्ही सांगावे असे नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करतात, हळद-तूप लावून खांदा चोळतात. जूं ओढलेल्या मानेचे ऋण कबूल करण्याची ती रीत आहे. आणि महिनोन्महिने बसून राहिलेल्या बैलास पहिल्याच दिवशी कोणी शहाणा दिवसभर नांगराला जुंपीत नाही. जुंपला तर खांदा येतो. धावणाऱ्याचेही तसेच. चालण्यापासून आरंभ करावा, नंतर थोडे धावणे थोडे चालणे, आणि वेग असा की सोबत्याशी बोलता यावे. येथे एक फसगत संभवते. दम लवकर परत येतो, पण स्नायूंना हाडांशी बांधणारे दोर आणि खुद्द हाडे पुन्हा तयार होण्यास पुष्कळ अधिक वेळ लागतो. दम आला म्हणून जो भरधाव सुटतो, तो बहुधा घोटा किंवा नडगी धरून बसतो.

पुन्हा तीच शर्यत धावलीच पाहिजे काय, असेही शिक्षकांनी विचारले. ओळीने दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा परत येणाऱ्यांस तेथे एक निराळे पदक देतात. परतणे कठीण असते हे चालकांस कळत असावे. पण आम्ही त्यांस म्हटले, तूर्त शर्यतीचे नाव नको, घड्याळही नको. मनगटावरचे घड्याळ त्यांनी आमच्यासमक्षच काढून पेटीत ठेवले. पदक मात्र भिंतीवर राहू द्या म्हणाले. आम्ही हरकत घेतली नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचे कार्ड आले. ते ओढ्यापर्यंत चालत जातात, तेथून वडापर्यंत धावतात आणि परत चालत येतात. तो सायकलवाला मुलगा दोन दिवस बरोबर आला, तिसऱ्या दिवशी दमून राहिला.