सांगण्याचे ओझे

रायपूरजवळच्या उरला औद्योगिक क्षेत्रातल्या एका रोलिंग मिलचे वीजमीटर कमी वाचत होते. मालक चोरी करतो, हे आम्ही मनात ठरवूनच गेलो. सील शाबूत निघाले. मग मी सीटीपासून, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मरपासून, मीटरपर्यंतची तार मोजली. अंतर ३० मीटर, जाऊन-येऊन ६०. तांबे अडीच चौरस मिलिमीटरचे, रोध सुमारे ०.४ ओहम. ५ अँपियर वाहताना एकटी तारच १० व्हीए खात होती. सीटीच्या पाटीवर बर्डन होते ५ व्हीए.

नवशिक्याला बर्डन म्हणजे मिलचा भार वाटतो. तसे नाही. मिलचे शेकडो अँपियर सीटी निमूट सोसते. तिला जड जाते ते दूरवरच्या मीटरला ते कळवणे. ते पेलेनासे झाले की गाभ्याला चुंबकित ठेवण्यातच जास्त प्रवाह खर्ची पडतो आणि मीटरकडे कमी पोचतो. मग खोटे कोण बोलले?

ओझे काढून टाकावे, तर तेही नाही. अचूकतेची हमी साधारणपणे ठरल्या बर्डनच्या २५ ते १०० टक्क्यांपुरतीच असते. आणि चालू सीटीची तार मोकळी सोडली, तर टोकांवर जीवघेणा दाब चढतो.

मीटर सीटीजवळ आणून बसवले. अहवालातला ‘संशयित’ हा शब्द मी खोडला. ती तार ओढताना देखरेखीला मीच होतो. हे लिहायला मात्र अहवालात रकाना नव्हता.