भुताची साक्ष

भयकथेतलं भूत घाबरवण्यासाठीच असतं, ही समजूत इतकी मुरलेली आहे की तिच्याकडे समजूत म्हणून कुणी पाहतच नाही. टनॅनारिव्ह ड्यू या आफ्रिकन-अमेरिकन कादंबरीकार जवळपास तीस वर्षं भुताखेतांच्या, अमर माणसांच्या, पछाडलेल्या घरांच्या कादंबऱ्या लिहीत आल्या आहेत. ‘द बिट्वीन’ ही त्यांची पहिली कादंबरी १९९५ साली आली, ‘द रिफॉर्मेटरी’ २०२३ साली. या दोन टोकांच्या दरम्यान त्यांच्या लेखनातल्या भुताने हळूहळू आपली जागा बदलली. आधी ते भीतीचं कारण होतं. पुढे ते साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन उभं राहिलं, आणि घाबरावं अशी उरली ती जिवंत माणसं, त्यांच्या कचेऱ्या, न्यायालयं, सुधारगृहं. हा बदल ड्यू यांना त्यांच्या विषयानेच करायला लावला, असं माझं मत आहे. तो कसा घडला हे तपासलं, तर खऱ्याखुऱ्या अत्याचारांच्या कहाणीत भुतं कशाला हवीत, या नेहमीच्या आक्षेपाचाही विचार नीट करता येतो.

ही कल्पना ड्यू यांच्या किती तरी आधीची आहे. चार्ल्स चेस्नट यांचा ‘द कॉन्ज्युअर वूमन’ हा कथासंग्रह १८९९ साली निघाला. त्यात ज्युलियस नावाचा एकेकाळचा गुलाम, उत्तरेकडून नॉर्थ कॅरोलायनात द्राक्षबाग लावायला आलेल्या एका गोऱ्या जोडप्याला जादूटोण्याच्या गोष्टी सांगतो. त्यातली एक सँडीची. मालक त्याला आज या नातलगाकडे, उद्या त्या नातलगाकडे कामाला धाडत असतो. ही ससेहोलपट थांबावी म्हणून त्याची मांत्रिक बायको त्याचं झाड करून टाकते. मग एक दिवस ती दूर गेलेली असताना झाड तोडलं जातं, गिरणीत त्याच्या फळ्या पाडल्या जातात आणि मालकाचं स्वयंपाकघर उभं राहतं. ऐकणारा नवरा ही सगळी भाकडकथा समजतो. त्याच्या बायकोचाही माणूस झाड होण्यावर विश्वास बसत नाही, पण नवराबायकोची अशी ताटातूट करणारी व्यवस्था कसली होती, हे तिला लख्ख कळतं. सगळी मेख इथे आहे. चमत्कार नाकारूनही त्याच्या आडून आलेली साक्ष नाकारता येत नाही. (ज्युलियसचाही यात स्वार्थ असतो. पुढे त्याच लाकडातून बांधलेलं जुनं शाळाघर त्याला आपल्या चर्चसाठी हवं असतं आणि गोष्टीच्या जोरावर ते मिळतंही. साक्षीदार धुतल्या तांदळासारखा असायला हवा, असा चेस्नट यांचा आग्रह नव्हता.)

अमेरिकी भयकथेचा मुख्य प्रवाह मात्र वेगळ्याच दिशेने वाहत होता. एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या ‘द हॉरर अॅट रेड हुक’सारख्या कथेत भीती येते ती ब्रुकलिनच्या बकाल गल्ल्यांतल्या परक्या, काळ्यासावळ्या माणसांमुळे. तिथे वंश हाच राक्षस आहे. अशा साहित्यप्रकारात कृष्णवर्णीय लेखिकेने पाऊल टाकायचं म्हणजे जिथे आपलंच बुजगावणं उभं केलेलं आहे, त्या शेतात नांगर धरायचा. १९६८ साली ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ या चित्रपटाने हा रोख एका फटक्यात उलटवला. ड्वेन जोन्स यांनी साकारलेला कृष्णवर्णीय नायक चालत्या प्रेतांच्या वेढ्यातून रात्रभर वाचतो आणि सकाळी मदतीला आलेल्या गोऱ्या बंदूकधाऱ्यांच्या गोळीने मरतो. पुढे १९८७ साली टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ आली. आईच्या हातून मेलेली मुलगी त्या कादंबरीत परत येते. मागे घटना खरी होती: मार्गारेट गार्नर या पळालेल्या गुलाम स्त्रीने १८५६ साली पकडलं जाण्याच्या क्षणी आपल्या लेकीला मारलं होतं. कादंबरीला पुलित्झर मिळालं, आणि साहित्याच्या दिवाणखान्यात एक भूत सन्मानाने बसवलं गेलं. पण बसवलं ते प्रतीक म्हणून. भयकथेच्या शेल्फवरची पुस्तकं तरीही दाराबाहेरच राहिली.

ड्यू १९६६ साली फ्लोरिडात जन्मल्या. मादागास्करच्या राजधानीचं फ्रेंचांच्या काळातलं नाव आईवडिलांनी त्यांना दिलं. वडील जॉन ड्यू नागरी हक्कांचे वकील. आई पॅट्रिशिया स्टीव्हन्स ड्यू यांनी १९६० साली विद्यार्थिनी असताना टॅलहॅसीच्या वुलवर्थ दुकानात फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या खाण्याच्या काउंटरवर ठिय्या दिला, दंड भरायला नकार दिला आणि सहकाऱ्यांबरोबर ४९ दिवस तुरुंगवास पत्करला. त्याच वर्षी एका मोर्चात पोलिसाने सोडलेल्या अश्रुधुराने त्यांचे डोळे कायमचे अधू झाले, म्हणून त्या जन्मभर काळा चष्मा वापरत. अशा घरातली मुलगी भुतांच्या कादंबऱ्यांकडे वळली, हे वरकरणी विसंगत वाटतं. तिथवर पोचायला तिलाही वेळ लागला. विद्यापीठात लेखन शिकताना आपण गोऱ्या पात्रांच्याच कथा लिहीत होतो, असं त्यांनी सांगितलं आहे. ग्लोरिया नेलर यांच्या ‘मामा डे’ या कादंबरीमुळे कृष्णवर्णीय लेखिका अद्‌भुताविषयी लिहूनही प्रतिष्ठा राखू शकते हे त्यांना दिसलं. ‘मायामी हेरल्ड’ या दैनिकात काम करताना त्यांनी व्हॅम्पायर-कादंबऱ्यांच्या लेखिका अॅन राइस यांची मुलाखत घेतली आणि व्हॅम्पायरवर प्रतिभा वाया घालवता का, हा आक्षेप त्यांच्यापुढे ठेवला. या प्रकारात जगण्यामरण्याचे मोठे प्रश्न हाताळता येतात, हे राइस यांचं म्हणणं ड्यू यांच्या मनात रुजलं. मला मात्र वाटतं की खरं भांडवल आईकडून आलं. ज्या घरात राज्यसत्तेच्या हिंसेची खूण आईच्या चेहऱ्यावर रोज दिसते, तिथल्या मुलीला भीती कुठे राहते हे वेगळं शिकवावं लागत नाही.

तरी पहिल्या कादंबऱ्यांत हे भांडवल पुरतं वापरलेलं नाही. ‘द बिट्वीन’चा नायक हिल्टन लहानपणी बुडता बुडता वाचलेला आहे. त्याला वाचवताना आजी गेली. आपण खरं तर तेव्हाच मरायला हवं होतं, मृत्यू आपली उधारी वसूल करायला येतोय, असं त्याला सतत वाटतं. त्याची बायको न्यायाधीश म्हणून निवडून येते आणि तिला वर्णद्वेषी धमक्यांची पत्रं येऊ लागतात. इथे भीतीचे दोन झरे आहेत, एक परलोकाचा आणि एक मायामीतल्या माथेफिरूचा. ते शेजारून वाहतात, पण पूर्ण एकजीव होत नाहीत. दुसऱ्या कादंबरीत, १९९७ च्या ‘माय सोल टू कीप’मध्ये, ते एका माणसात एकवटतात. जेसिका या पत्रकार तरुणीचा नवरा दावित चारशेहून जास्त वर्षं जगलेला इथिओपियन निघतो. त्याने गुलामी सोसली आहे, जॅझ वाजवलं आहे, बायकामुलं पुरली आहेत आणि आपलं गुपित राखण्यासाठी खूनही केले आहेत. अमर माणूस म्हणजे चालताबोलता दफ्तरखाना, ही युक्ती हुशारीची आहे. पण दावित भयंकर वाटतो तो इतिहास आठवतो म्हणून नव्हे. इतकं पाहूनही त्याने कुणासाठी तोंड उघडलेलं नसतं, म्हणून तो भयंकर वाटतो. साक्षीदार आहे पण साक्ष देत नाही. या मालिकेचे पुढचे भाग कथानकाच्या ओझ्याखाली दबतात. ‘द लिव्हिंग ब्लड’ला अमेरिकन बुक अवॉर्ड मिळालं असलं, तरी माझ्या लेखी पहिल्या भागाची धार पुन्हा आली नाही.

२००३ हे वर्ष या प्रवासात कळीचं आहे. त्या एका वर्षात ड्यू यांची दोन पुस्तकं आली. ‘फ्रीडम इन द फॅमिली’ हे आईसोबत लिहिलेलं चळवळीचं आत्मकथन, आई आणि लेक यांच्या आलटूनपालटून येणाऱ्या प्रकरणांचं. आणि ‘द गुड हाउस’ ही पछाडलेल्या घराची कादंबरी, ज्यात आजीने १९२९ साली अपमानाच्या संतापात केलेल्या मंत्रप्रयोगाची किंमत नातीच्या मुलाला चुकवावी लागते. एका पुस्तकात नावं, तारखा, अटका, निकाल. दुसऱ्यात पिढ्यांमधून झिरपत येणारा राग. म्हणजे कागदोपत्री इतिहास लिहिता येत नाही म्हणून ही लेखिका भुतांकडे पळाली, असं म्हणायची सोय राहत नाही. तो इतिहास तिने लिहिला, आणि तो लिहूनही काहीतरी उरलं. दोन वर्षांनी आलेल्या ‘जॉप्लिन्स घोस्ट’मध्ये या उरलेल्याला नाव-गाव मिळालं. रॅगटाइमचे महान रचनाकार स्कॉट जॉप्लिन यांचा पहिला ऑपेरा, ‘अ गेस्ट ऑफ ऑनर’, कायमचा हरवला आहे. त्याची स्वरलिपी कुठेही नाही. ज्याचा कागदच नाही त्याबद्दल कुणी बोलायचं? कादंबरीत जॉप्लिन यांचं भूत एका तरुण गायिकेच्या मानगुटीवर बसतं. भूत आणि दप्तरातली रिकामी जागा यांचं नातं इथे पहिल्यांदा उघड झालं.

मग ती रिकामी जागा त्यांच्या स्वतःच्या घरातच सापडली. फ्लोरिडातल्या मॅरियाना इथे १९०० पासून २०११ पर्यंत मुलांसाठी एक सरकारी सुधारशाळा चालली. पुढे तिला डोझियर हे नाव पडलं. किरकोळ गुन्ह्यांसाठी, कधी नुसत्या भटकण्यासाठी मुलांना तिथे डांबलं जाई. ‘व्हाइट हाउस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका छोट्या इमारतीत त्यांना पट्ट्याने फोडून काढलं जाई. शाळेच्या दफनभूमीत ३१ क्रूस होते. साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या एरिन किमर्ली यांच्या पथकाने खोदकाम केलं तेव्हा ५५ कबरी निघाल्या. त्यातला एक मुलगा होता रॉबर्ट स्टीव्हन्स, वय १५, मृत्यू १९३७. शाळेच्या नोंदीप्रमाणे दुसऱ्या मुलाने भोसकल्यामुळे मेलेला. तो पॅट्रिशिया यांचा काका. पॅट्रिशिया २०१२ मध्ये वारल्या आणि त्यानंतर सरकारी कार्यालयाकडून ड्यू कुटुंबाला या मुलाविषयी विचारणा झाली. टनॅनारिव्ह यांनी त्याचं नावही तोवर ऐकलेलं नव्हतं. इतिहास जपणं हेच जिचं व्रत होतं त्या आईने लेकीबरोबर कुटुंबाचा वृत्तांत लिहिला, आणि त्यातही हा मुलगा नव्हता. सरकारी कागद खोटं बोलतात हे जुनंच दुखणं. घरची आठवणही गप्प राहू शकते, हे कळणं याहून जिव्हारी लागणारं.

‘द रिफॉर्मेटरी’ इथून उगवली. कादंबरीतला रॉबी स्टीव्हन्स बारा वर्षांचा आहे, साल १९५० आहे. बहिणीची छेड काढणाऱ्या गोऱ्या जमीनदाराच्या मुलाला लाथ मारली म्हणून त्याची रवानगी सुधारशाळेत होते. त्याला भुतं दिसतात, दक्षिणेत ज्यांना ‘हेन्ट’ म्हणतात ती. शाळेचा प्रमुख हे हेरतो आणि त्यालाच भुतं पकडायच्या कामाला लावतो. साक्षीदार पुसून टाकण्यासाठी दुसऱ्या साक्षीदाराला राबवायचं, असा हा डाव आहे. मेलेल्या मुलांची रॉबीला भीती वाटते हे खरं. पण कादंबरीतलं खरं भय दुसऱ्या धाग्यात आहे, जिथे एकही भूत नाही. तिथे त्याची बहीण ग्लोरिया वकिलांचे, न्यायाधीशांचे, भल्या म्हणवणाऱ्या गोऱ्या माणसांचे उंबरे झिजवत असते आणि प्रत्येक दार सभ्यपणे बंद होत जातं. ‘द बिट्वीन’मधले शेजारून वाहणारे दोन झरे इथे अखेर एका प्रवाहात मिळाले.

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप एका कादंबरीनेच उभा केला आहे. याच शाळेवर बेतलेली कोल्सन व्हाइटहेड यांची ‘द निकल बॉइज’ २०१९ मध्ये आली, तिला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं आणि तिच्यात भूत औषधालाही नाही. खऱ्या क्रौर्याला चमत्काराचा मुलामा लागत नाही, उलट तो दिल्याने घडलेल्या गोष्टीच दंतकथा वाटू लागतात, असं कुणी म्हटलं तर ते हसण्यावारी नेता येणार नाही. व्हाइटहेड यांची कादंबरी बांधेसूद आहे. शिल्पाचा विचार केला तर ती सरस आहे असंही मी म्हणेन. पण तिचा आधार कोण आहे हे पाहावं. म्हातारे झालेले माजी विद्यार्थी २००० नंतरच्या दशकात पुढे आले, बोलले, म्हणून जग या शाळेबद्दल बोलू लागलं. वास्तववाद त्यांच्या जबानीवर उभा राहू शकतो. जो पंधराव्या वर्षी पुरला गेला आणि ज्याच्याविषयी मारणाऱ्यांच्याच दप्तरात दोन ओळी आहेत, त्याची बाजू वास्तववादाने मांडली तरी ती कल्पितच असणार. मग कल्पित आहे हे लपवणाऱ्या रूपापेक्षा ते उघड मान्य करणारं रूप जास्त प्रामाणिक नाही का? भूत वाचकाला फसवत नाही. चेस्नटच्या गोष्टीतल्या बायकोप्रमाणे वाचक झाडावर विश्वास ठेवत नाही आणि करवतीवर ठेवतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: भुताला असं साक्षीदार करून टाकलं की भयकथेतलं भयच मरतं, उरतो तो धडा. हे अंशतः खरं आहे. अलीकडच्या अनेक कथा-चित्रपटांत राक्षस पडद्यावर येण्याआधीच त्याचा अर्थ कळतो आणि अंगावर काटा येत नाही. २०१७ च्या ‘गेट आउट’नंतर तर ही साथच आली. त्या चित्रपटाच्या निमित्ताने ड्यू यांनी लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कृष्णवर्णीय भयकलेचा अभ्यासक्रम सुरू केला, २०१९ च्या ‘हॉरर न्वार’ या माहितीपटाच्या निर्मितीतही त्या होत्या. तेव्हा या साथीची थोडी जबाबदारी त्यांच्याकडेही जाते. पण त्यांच्या उत्तम पानांवर भूत शहाण्यासारखं वागत नाही. सुधारशाळेतली मेलेली मुलं रॉबीशी खोटं बोलतात, त्याला वापरून घेतात, सुडासाठी त्याचा जीव धोक्यात घालतात. अन्याय झालेला माणूस अन्यायामुळे सज्जन होतो, ही भाबडी समजूत त्या पाळत नाहीत, म्हणून भीती शाबूत राहते.

‘द रिफॉर्मेटरी’ला ब्रॅम स्टोकर पुरस्कार मिळाला आणि २०२४ मध्ये वर्ल्ड फँटसी अवॉर्डही. या दुसऱ्या पुरस्काराचं मानचिन्ह कित्येक वर्षं लव्हक्राफ्ट यांचा अर्धपुतळा होतं. कृष्णवर्णीय लेखकांनी आवाज उठवल्यावर २०१५ मध्ये ते बदलायचं ठरलं. त्याच २०२४ साली फ्लोरिडाने डोझियर आणि तिच्यासारख्याच दुसऱ्या एका शाळेतल्या पीडितांसाठी दोन कोटी डॉलरची भरपाई मंजूर करणारा कायदा केला. १९४० ते १९७५ या काळात तिथे ठेवलेल्यांना त्यातून अर्ज करता येत होता. रॉबर्ट स्टीव्हन्सचं साल १९३७.