सातवा का घासलास?

सॅडल अजून किती वर नेणार आहेस? छताला लागेपर्यंत?

काल तू गेल्यावर ती काळी गिटार टेबलावर घेतली. सतराव्या फ्रेटवर मोजपट्टी उभी केली. जाड तारेखाली तीन मिलीमीटर! फेंडरवाले तिथे १.६ सांगतात, हे तुला पाठ आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगशील. मग हे काय करून ठेवलंस? गिटार आहे की कपडे वाळत घालायची दोरी?

झणझण गेली, म्हणे. गेली कुठे? तू तिच्यावर पांघरूण घातलंस. तार उंच केली की फ्रेटला लागत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तीच तार दाबताना जास्त ताणली जाते, सूर चढतो आणि वाजवणाऱ्याची बोटं सोलून निघतात. जिची गिटार आहे ती मुलगी काल परत आली तेव्हा काय म्हणाली? "सर, माझीच बोटं कच्ची आहेत बहुतेक." तू दोन हातांच्या अंतरावर उभा होतास. आधीच गुंडाळलेली केबल पुन्हा गुंडाळत होतास. तोंडातून एक शब्द फुटला नाही.

आणि सॅडल ही नंतरची गोष्ट. आधीची सांगू? सांगतोच. रात्री दिवा तिरका धरून फिंगरबोर्ड पाहिला. सातव्या फ्रेटचा माथा चकाकत होता. सपाट! बाकीचे एकवीस गोल माथ्याचे, हा एकटा न्हाव्याकडून आल्यासारखा. अरे, सातव्यावर बोट ठेवलं की झणझणतं, म्हणून सातवाच घासलास? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! सातव्यावर दाबलेली तार तिथून ब्रिजपर्यंत थरथरते. वाटेत तिला आडवा कोण येतो? आठवा. नाहीतर नववा, दहावा. तू सातवा खाली नेलास, म्हणजे आठवा आणखी उंच झाला. झणझण वाढली. ती वाढली म्हणून सॅडल वर गेलं. एक पाप झाकायला दुसरं.

ठाऊक नव्हतं, असं मात्र म्हणू नकोस. ठाऊक नसतं तर मी रागावलो नसतो, शिकवलं असतं. तीन फ्रेटवर बसेल एवढी सरळ पोलादी पट्टी ठेवायची, दोन्ही टोकं आलटून पालटून दाबायची. टकटक करत डुलली, तर मधला उंच. नव्या पोराला हे कोण दाखवत होतं? तूच ना? साध्या कागदाची जाडी ०.१ मिलीमीटर असते. तेवढा फरकही पट्टी सांगते. पट्टी भिंतीवर खिळ्याला लटकलेली होती. हात लांब करायचा होता फक्त. कानस फिरवायला वेळ होता, पट्टी ठेवायला नव्हता?

मी काल ठेवली. आठव्यावर डुलते. तीही फक्त बारीक तारांच्या बाजूला. लाकडी काडीने तिथे दाबलं की फ्रेट खाली बसतो, काडी उचलली की वर येतो. म्हणजे तो उंच नाहीच, सैल आहे. खाचेतून उचलला गेलाय. त्याला कानशीची गरजच नव्हती. पातळ इन्स्टंट ग्लूचा एक थेंब, वर लाकडी ठोकळा, क्लॅम्प आणि थोडा धीर. त्या एका थेंबासाठी हे सगळं रामायण!

तुझी कारणं आता मलाही पाठ झालीत. पावसाळा आहे, लाकूड फुगतं. फुगतं की! म्हणूनच तर नेकच्या पोटात ट्रस रॉड आहे. पण पाऊस काय एकट्या आठव्या फ्रेटवर पडतो? आणि नेक वाकल्याची शंका होती, तर ती तपासलीस का? पहिल्यावर कॅपो, शेवटचा फ्रेट दाबायचा, सातव्या-आठव्यापाशी तारेखालची फट बघायची. पाव मिलीमीटरच्या आसपास हवी. फीलर गेज ड्रॉवरमध्ये आहे. त्याच्यावरची धूळ मी काल पुसली.

गिटार स्वस्तातली आहे, हे दुसरं. मग? तारेला बिल वाचता येतं का?

"अ‍ॅम्पमधून ऐकू येत नाही" हे अर्धं खरं, म्हणून जास्त घातक. हलकी झणझण पिकअप फारशी उचलत नाही, कबूल. पण स्वर तिथे लवकर मरतो. मेलेला स्वर अ‍ॅम्प जिवंत करत नाही, मोठ्याने मेलेला ऐकवतो.

आणि कळस म्हणजे, "आपल्याकडे प्लेक नाही ना." वा! बर्लिनचं ते यंत्र काय करतं, माहीत आहे? तारा ताणलेल्या असताना एकेका फ्रेटची उंची मोजतं आणि मग घासतं. आधी मोजतं. मग घासतं. लाखो रुपयांच्या यंत्राला जो क्रम कळतो तो तुला दोन वर्षं माझ्या हाताखाली राहून कळू नये? तुला यंत्र कशाला हवंय, चुका भराभर करायला?

मिरजेला नेलं होतं तुला. तो कारागीर तानपुऱ्याची जवारी काढत होता, आठवतं? घोडीवर हलका घास, तार चढव, कान लाव, तार उतरव, पुन्हा घास. शेजारचा चहा गार होऊन त्यावर साय धरली, त्याचं लक्ष नव्हतं. तानपुऱ्यात झणझण हवी असते. ती नेमकी हवी तशी यावी म्हणून तो माणूस आख्खी दुपार देतो. आणि ती जावी म्हणून तू दोन मिनिटं देत नाहीस! परत येताना एसटीत मोठा भारावला होतास. "सर, अशी चिकाटी पाहिजे." ती चिकाटी काय एसटीतच विसरलास?

शिवाय सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला. चुकला तर सरकवता येतो. आपला फ्रेट खाचेत ठोकलेला. नवा असताना तो उंच किती? मिलीमीटर, फार तर दीड. एवढ्याशा भांडवलातलं घासलेलं परत येत नाही. आणि ही फ्रेटची तार कसली? जर्मन सिल्व्हरची. तांबं, जस्त, निकेल. चांदीचा कण नाही. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा. लोक तुला कारागीर म्हणतात, ते आठवलं मला.

तार केसभर उतरली तरी बाहेरच्या खोलीतून ओरडून सांगतोस. तसा कान मला तीस वर्षांनी आला. म्हणून तर चीड येते. तुझ्या कानाला ती झणझण आठव्यातून येतेय हे कळलं नसेल, यावर माझा विश्वास नाही. कळलं होतं. पण पट्टी ठेवली असती तर खात्री झाली असती, आणि खात्री झाली असती तर काम करावं लागलं असतं. हो की नाही?

आता ऐक. सातवा गेला. त्याच्या पातळीला आणायला बाकीचे एकवीस तासायचे? तुझ्या एका चुकीपायी सगळ्यांचं आयुष्य कमी? नाही. आधी आठवा चिकटव. मग सातवा काढ. सोल्डरिंग आयर्नने तापव, कडेपासून पकडीने हळूहळू उचल. शिसवीचा टवका उडाला तर मला तोंड दाखवू नकोस. नवा बसव, नेक सरळ कर, फिंगरबोर्डवर मास्किंग टेप लाव. पुन्हा पट्टी. नवा उंच निघाला तरच माथ्यावर मार्करची रेघ ओढून घास, आणि शेजाऱ्यांशी जुळला की थांब. थांब म्हणजे थांब. मग माथा गोल कर. सपाट सोडलास तर तार ब्रिजकडच्या कडेवरून बोलेल, सूर चढेल आणि वर सतारीसारखी झणझणेल. पॉलिशला स्टील वूल घेणार असशील तर पिकअप आधी झाक. गेल्या खेपेचा कीस अजून चुंबकांना चिकटलेला आहे, तोही मलाच दिसला.

सॅडल सगळ्यात शेवटी.

ती मुलगी शनिवारी चारला येणार आहे. गिटार तू द्यायची. पैसे घ्यायचे नाहीत. आणि खोट तिच्या बोटांत नव्हती, हेही तूच सांगायचं. मी आतल्या खोलीत असेन. मला ऐकू येतं.