विसरलेले बंदर

धानोऱ्याचा माणूस समुद्र पाहायला निघाला, की गावात त्याची थोडी थट्टा होते. आमच्याकडे पाणी म्हणजे बोडी, नाही तर कठाणीचा पूर. तरी एका दिवाळीच्या सुटीत मी अलिबागेच्या दक्षिणेस चौलला गेलो. "तिथे पाहण्यासारखे काय आहे?" असे मुंबईच्या नातलगांनीही विचारले.

पाहण्यासारखे फार नाहीच. नारळी-पोफळीच्या वाड्या, रामेश्वराचे देऊळ, शेजारी रेवदंड्याची पोर्तुगीज तटबंदी आणि तिच्यावर माजलेले गवत. परंतु अरब प्रवासी याच गावाला 'सैमूर' म्हणून ओळखत. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला. त्याच्या कित्येक वर्षे आधी अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन येथे उतरला होता. १५०८ मध्ये बंदराशी मोठे आरमारी युद्ध झाले. १७४० मध्ये पोर्तुगिजांनी हे ठाणे मराठ्यांना दिले. पुढे मुंबई वाढली आणि चौल शांत झाले.

तटावर बसून मी म्हटले, 'केवढे होते, आणि काय राहिले!' अशा ठिकाणी प्रत्येक सुशिक्षित मनुष्य हा सुस्कारा टाकतो, आणि त्यात त्याला थोडे सुखही वाटते.

दुसऱ्या दिवशी खाडीपलीकडे कोर्लईला गेलो. किल्ल्याच्या पायथ्याशी एक आजीबाई नातवाला रागावत होत्या. भाषा मराठी नव्हती. चौकशी केली तेव्हा कळले, पोर्तुगीज आणि मराठीच्या सहवासातून जन्मलेली ही बोली हजारभर माणसे बोलतात. तिला ते 'नोलिंग' म्हणतात. म्हणजे आपली भाषा. माझ्याशी मात्र आजीबाई मराठीत बोलल्या.

"गाव कुठलं तुमचं?"

"धानोरा. गडचिरोलीच्या पुढे, जंगलात."

"एवढ्या आडबाजूला? करमतं का तिथं?"

मला हसू आले, मग लाज वाटली. काल मी चौलची जी कीव केली, तीच आज धानोऱ्याची झाली होती. विसरलेले गाव म्हणजे कोणी विसरलेले? जहाजे येत होती तोवर जगाला चौलची आठवण होती, पण ती आपल्या मालापुरती. तट ढासळला, राज्य गेले; नातवाला रागावण्याची भाषा मात्र त्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षे टिकली.

येथे एक कबुली दिली पाहिजे. वर्गात गोंडीत बोलला म्हणून मी एका मुलाला बाकावर उभे केले होते. तो जगात मागे पडू नये, हाच हेतू. मराठी त्याला आलीच पाहिजे, असे मला आजही वाटते. परंतु ती शिकवताना त्याच्या आईची भाषा लाजिरवाणी ठरवण्याचा अधिकार मला कोणी दिला? आजीबाईंना दोन्ही भाषा येत होत्या. एकीसाठी दुसरी टाकावी लागली नव्हती. तो मुलगा पुढे वर्गात बोलेनासा झाला. मी समजलो, शिस्त लागली.

सुटी संपल्यावर मी त्याला विचारले, "समुद्राला गोंडीत काय म्हणतात रे?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, आमी कुठं पाह्यला समुद्र?"

"बरे, मग बोडीला काय म्हणता?"

त्याने सांगितले. मी तो शब्द मोठ्याने म्हटला. उच्चार चुकला. सगळा वर्ग हसला, आणि तोही हसला.