चुकलेला रुपया

आमचं किराणा दुकान बाजाराच्या तोंडाशीच होतं. बुधवारी बाजार उठला, की अण्णा गल्ला गोणपाटावर उपडा करायचे आणि चिल्लर मोजायचं काम माझ्याकडे यायचं.

१९८७ च्या आसपासची गोष्ट असेल. दिवेलागणीला एक मजूर बाई आली. मीठ आणि काडेपेटी घेतली, रुपया पुढं केला. पण मुठीतून काही सोडेना.

"चालंल का बगा, अण्णा. कंडक्टरनं नाय घेतला. च्यावाल्यानंबी परत दिला."

रुपयावरचे सिंह एका कडेला सरकलेले, निम्मे कापले गेलेले. दुसऱ्या बाजूला चंद्रकोरीएवढी कोरी जागा. अण्णांनी तो फरशीवर वाजवला, कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाले, "चालंल." बाई गेल्यावर मला म्हणाले, "टांकसाळीनं चूक केली, ती बाईनं का भरायची?"

त्या रात्री मी गल्ल्यात माझ्याजवळचा चांगला रुपया टाकला आणि तो वाकडा रुपया काढून घेतला. अण्णांनी पाहिलं, बोलले काही नाहीत. रुपयाला रुपया.

त्या रुपयानं मला नाद लावला. पुढं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो, पण सुट्टे पैसे हातात आले की आधी उलटेपालटे करून बघायची खोड गेली नाही. पुण्याला नाण्यांचं प्रदर्शन असलं, की एसटी धरून जायचो. तिथल्या जाणत्यांकडून हळूहळू कळत गेलं. धातूच्या पट्टीतून गोल चकत्या कापतात, चकती दोन ठशांच्या मध्ये येते आणि दाब बसतो. चकती नीट बसली नाही, तर छाप सरकतो. आमचा रुपया तसा होता. पट्टीला आधीच पडलेल्या भोकावर कापणी झाली, तर चकतीचा चावा घेतल्यासारखा तुकडा जातो. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं, तर पुढच्या नाण्यावर तोच छाप उलटा आणि खोलगट उमटतो. कधी ठसाच फिरलेला असतो. सिंह सरळ धरून नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटावं; मागचा आकडा सरळ दिसला पाहिजे. तिरका किंवा उलटा दिसला, तर ठसा फिरला.

पण प्रत्येक वेगळी खूण म्हणजे चूक नव्हे. सालाखाली चौकट असली तर नाणं मुंबईचं, चांदणी असली तर हैदराबादचं, ठिपका असला तर नोएडाचं, काहीच नसलं तर कोलकात्याचं. रुळावर ठेवून चपटं केलेलं, कानशीनं घासलेलं नाणं तर नुसतं बिघडवलेलं. किंमत असते ती टांकसाळीच्या आत झालेल्या चुकीला. छाप किती सरकलाय, साल वाचता येतंय का, नाणं किती झिजलंय, यावर ती ठरते. चिंचेनं किंवा राखेनं घासून चकचकीत केलं, तर उलट भाव पडतो.

हे सगळं शिकलो आणि मग एक बुधवार आला.

नाक्यावरच्या मावशीकडून मेथी घेतली. सहा रुपये झाले, मी दहाची नोट दिली. ती चार नाणी माझ्या हातावर ठेवता ठेवता थांबली. स्टीलचा एक रुपया तिनं परत उचलला. "ह्यो नगं, गुरुजी. वाकडा हाय. दुसरा देते."

मला लांबूनच दिसलं होतं. छाप चांगला तिसरा हिस्सा सरकलेला, साल स्वच्छ वाचता येण्याजोगं.

मी म्हणालो, "असू दे मावशी. चालंल."

ती म्हणाली, "देवमाणूस हायसा गुरुजी."

पुढच्या प्रदर्शनात त्या रुपयाचे आठशे आले.

मी स्वतःची समजूत घालायला लागलो. तिला रुपयाचा रुपया मिळाला, तिचं काय गेलं? ते नाणं तिनं कुणालाही दिलंच असतं. ते ओळखायला मी किती वर्षं घालवली, किती वेळा एसटीचं भाडं भरलं. वैद्याला झाडपाला ओळखायचे पैसे मिळतातच की. या सगळ्या बोलण्यात खोटं काही नाही. म्हणून तर ते जास्त दिवस चाललं.

अडायचं ते एकाच शब्दाशी. अण्णा "चालंल" म्हणाले होते, मीही "चालंल" म्हणालो. अण्णांना त्या रुपयात फक्त एका बाईची अडचण दिसली होती. तो उद्या बँकेनं नाकारला असता, तर नुकसान त्यांचं होतं. मला मात्र फायदा दिसत होता आणि मी तो उपकार म्हणून खपवला. तिनं मला देवमाणूस म्हटलं आणि मी ते ऐकून घेतलं. माहिती माझ्या कष्टाची होती, हे खरं. तिचा मोबदला मागायला हरकतही नव्हती. पण मोबदला उघड मागायचा असतो. "मावशी, हे नाणं मोलाचं आहे, विकून देतो, निम्मे माझे," एवढं म्हणता आलं असतं. जे मनात आहे ते समोरच्याला ऐकू जाईल असं बोलता येत नसेल, तर तो व्यवहार, आकडे कितीही जुळले तरी, सरळ नसतो. वर्गात मी पोरांना खरं बोला म्हणून सांगत होतो आणि बाजारात एक खरं वाक्य माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

तीन बुधवार मी तिच्या पालापुढून न थांबता गेलो. चौथ्या बुधवारी चारशे रुपये घेऊन बसलो आणि सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, मेथीवर पाणी मारलं. मग विचारलं, "तवा का नाय बोललासा?"

मला उत्तर देता आलं नाही. तिनं पैसे मोजून कमरेच्या पिशवीत ठेवले. आभार मानले नाहीत, ते बरं झालं. देवमाणूस पुन्हा कधी म्हणाली नाही, तेही बरोबरच होतं.

ही बातमी मात्र बाजारभर झाली. लोक जुनी नाणी घेऊन घरी यायला लागले. मोबाइलवर लाखाच्या गोष्टी फिरतात, फी भरा म्हणून फोन येतात. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेलाच लोकांना सावध करावं लागलं, की आमच्या नावावर असे पैसे मागणारे भामटे आहेत. मी प्रत्येकाला जे आहे ते सांगतो. बहुतेकांच्या हातात जेवढ्याचं नाणं, तेवढीच किंमत असते.

मावशी अजून बसते. मेथी घेतली, की दिवसभराची चिल्लर माझ्यापुढं ओतते. "बगा गुरुजी, ह्यात कोन चुकलंय का." मी तिच्यासमोर, तिथंच, एकेक नाणं उलटून बघतो. अजून एकही निघालेलं नाही. तीही माझ्या हाताकडं बघत असते.