पंचशील आणि कमरेचे रिव्हॉल्व्हर



पंचशील घेतलेल्या उपासकाने स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर बाळगावे काय, असा प्रश्न आपले तरुण विचारतात. त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : घ्यायचेच तर कोणते घ्यावे? हे प्रश्न हसण्यावारी नेता येत नाहीत. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या. २००६ साली खैरलांजीत एकाच कुटुंबातील चौघांची हत्या झाली. ज्याचे घर गावाच्या टोकाला एकटे आहे, त्याला शहरात बसून धीराच्या गोष्टी सांगणे सोपे असते.

'पाणातिपाता वेरमणी' याचा अर्थ मुकाट्याने मार खावा, असा काही लोक काढतात. परमपूज्य बाबासाहेबांनी तो तसा काढला नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात वैशालीच्या सिंह सेनापतीचा संवाद दिला आहे. त्याचा आशय असा, की न्यायासाठी बळ वापरणारा दोषी ठरत नाही. मात्र शांततेचे सर्व उपाय आधी करून झालेले असले पाहिजेत.

देशाचा कायदाही जवळपास हेच सांगतो. जुन्या दंड संहितेत कलम ९६ ते १०६ मध्ये असलेला खासगी बचावाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. बचावाला लागेल तेवढेच बळ वापरता येते, आणि पोलिसांकडे धाव घेण्यास वेळ असेल तर हा हक्क राहत नाही.

आता 'कोणते घ्यावे' याचा विचार करू. सामान्य नागरिकाला परवान्यावर जे मिळते त्यात कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर प्रसिद्ध आहे. २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे पाचशे ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर निघाले, तेव्हाच त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. शेतमजुराने एवढा पैसा कोठून आणावा? बाहेर नेताना शस्त्र होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असावे लागते. घरात ते कुलपात ठेवले, तर रात्री दारावर लाथ बसते त्या वेळी हाती येत नाही. कुलपाबाहेर ठेवले, तर आपल्याच लेकराच्या हाती लागते. आणि आपल्यावर चालून येतो तो बहुधा एकटा चोर नसतो, जमाव असतो. जमावापुढे पाच-सहा काडतुसे किती पुरणार? बहिष्कारावर तर गोळी चालतच नाही.

याहून मोठा प्रश्न मनाचा आहे. तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले. सुत्तनिपातातील अत्तदंड सुत्तात, हाती शस्त्र घेण्यातूनच भय जन्मते, असा विचार आहे. गरज एखाद्या प्रसंगी येते आणि जाते. इच्छा मात्र रोज कमरेला बांधून वाढवता येते. बांधावरच्या भांडणात, बसच्या गर्दीत, सख्ख्या भावाशी झालेल्या वादात हात कमरेकडे जाऊ लागला, तर पहिले शील गोळी सुटण्यापूर्वीच मोडलेले असते.

"मग मरायचे काय?" असे तुम्ही विचाराल. मुळीच नाही. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ मधील नियम ३ प्रत्येक घरात ठाऊक असला पाहिजे. अत्याचाराचा संभव असलेल्या भागात, जरूर वाटल्यास, आपल्या समाजाबाहेरील लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारजमा करावीत, बेकायदा शस्त्रे जप्त करावीत, आणि आपल्या लोकांना परवाने द्यावेत, असे तो राज्य सरकारला सांगतो. त्यातला क्रम पाहा. हल्लेखोराचा हात रिकामा करणे आधी येते, आपल्या हाती शस्त्र देणे नंतर. आपणही हाच क्रम धरावा. धमकी आली की लेखी तक्रार द्या, तिची पोच घ्या. जिल्हाधिकाऱ्यांकडे नियम ३ चा हवाला देऊन अर्ज करा. रात्री एकट्या घराकडे वस्तीने लक्ष ठेवावे. २० मार्च १९२७ रोजी महाडला आपल्या माणसांवर हल्ला झाला, तेव्हा चवताळलेल्या लोकांना बाबासाहेबांनी आवरले आणि हल्लेखोरांना न्यायालयात खेचले. त्यांतील काहींना शिक्षा झाली. त्याला कोणी भित्रेपणा म्हणेल काय?

एवढे करूनही जिवाचा धोका टळत नसेल आणि एखाद्या कुटुंबाने रीतसर परवाना घेऊन, चालवायचे शिकून शस्त्र ठेवले, तर त्याला धम्मद्रोही म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या कुटुंबाने स्वतःला एकच गोष्ट विचारीत राहावे : हे मी गरजेसाठी ठेवले आहे, की मला ते आवडू लागले आहे? ज्या दिवशी ते आवडू लागेल, त्या दिवशी ते पोलीस ठाण्यात जमा करावे.

जयभीम!