चवथीला मूल कुठल्या घरी?




गेल्या श्रावणात आपल्या बैठकीत डिचोली भागातल्या एका भगिनींनी प्रश्न विचारला आणि आम्ही सगळेच गप्प झालो. त्यांच्या परवानगीने लिहीत आहोत. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

त्यांचा मुलगा आणि सून वेगळे राहतात. नातू आठ वर्षांचा, तो आईकडे पेडण्याला असतो. कोर्टाने ठरवून दिल्याप्रमाणे एक सोडून एक शनिवार-रविवार बाबांकडे येतो. मे महिन्याची सुट्टी अर्धी-अर्धी. चवथ या वर्षी बाबांकडे, पुढच्या वर्षी आईकडे. भगिनी म्हणाल्या, "आम्ही कोर्टाचा शब्द मोडत नाही. वेळेवर आणतो, वेळेवर पोचवतो. तरी पोर आलं की निम्मा दिवस गप्प बसतं. मोकळं होतं न होतं तोच परत जायची वेळ होते. आमचं चुकतं कुठे?"

आपण गोंयकारांना अर्ध्या-अर्ध्याची सवय आहे. पोर्तुगीज काळातली 1867 ची नागरी संहिता आपल्याकडे अजून चालते. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक, आणि वेगळं व्हायची वेळ आली तर दोघांना निम्मी-निम्मी. भाट असो, घर असो, बँकेतली ठेव असो. कायदा चांगलाच आहे, त्याने कित्येक लेकीबाळींना रस्त्यावर येण्यापासून वाचवलं. पण त्या सवयीने आपण मुलाचाही हिशेब मांडायला लागतो. "आमच्या वाट्याचे दोन दिवस" असं आजोबा म्हणतात. वाट्याचे! कोर्टाने वाटले ते दिवस. मूल वाटलेलं नाही.

2015 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने आपल्या गोव्यातल्याच एका जोडप्याचं प्रकरण निकाली काढलं. मूल पाच वर्षांच्या आतलं. दिवाणी न्यायालयाने तात्पुरता ताबा आईला दिला, उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो निर्णय फिरवला, आणि दिल्लीला मूल पुन्हा आईकडे देण्याचा निकाल झाला. 1956 चा हिंदू पालकत्व कायदा सांगतो की पाच वर्षांखालचं मूल सर्वसाधारणपणे आईपाशी असावं. पण आम्हाला त्या निकालातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. न्यायमूर्तींनी म्हटलं की अशा वादात आईबापांच्या हक्कांची अंमलबजावणी करायची नसते, बघायचं ते फक्त मुलाचं हित. मूल ही वस्तू नव्हे, दोघांनी एकमेकांकडे टोलवायचा चेंडूही नव्हे.

त्याच वर्षी मे महिन्यात विधी आयोगाने आपल्या 257 व्या अहवालात दोघांकडे मिळून ताबा देण्याची तरतूद कायद्यात असावी अशी शिफारस केली. आणि जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की आई आणि बाप दोघांचंही प्रेम मिळणं हा मुलाचा हक्क आहे. ज्याच्याकडे मूल राहत नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटं तरी फोनवर, व्हिडिओवर मुलाशी बोलता आलं पाहिजे. आपल्याकडे कित्येक बाप बोटीवर आहेत, गल्फमध्ये आहेत, त्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

म्हणजे हक्क कुणाचा? आईचा नाही, बापाचा नाही, आजी-आजोबांचा तर नाहीच. मुलाचा. हे एकदा मान्य केलं की भगिनींचा प्रश्न वेगळाच दिसायला लागतो.

बालसंस्कार वर्गात आपण ती गोष्ट सांगतो, दोन बायका आणि एक मूल. जातककथेत ती आहे, बायबलमध्येही आहे. शहाणा न्यायाधीश मुलाची ओढाताण करायला लावतो किंवा दोन तुकडे करा म्हणतो, आणि जी हात सोडते ती खरी आई ठरते. सुंदर गोष्ट. पण आपल्या घरातल्या भांडणाला ती लागू पडत नाही, कारण तिथे एक बाई खोटी होती. इथे दोघंही खरे आहेत. न्यायाधीशाला उघडं पाडायला खोटं कुणी नाहीच. त्यामुळे आपण खोटं तयार करतो. "बाबाला तुझी काळजी नाही", "आईला नोकरीच प्यारी". मुलाच्या मनात एकाला खोटं पाडलं की आपण खरे, असा तो हिशेब.

कृष्णाला आपण देवकीनंदन म्हणतो आणि यशोदेचा कान्हाही म्हणतो. तुझी खरी आई कोण, हे गोकुळात त्याला उभं करून कुणी विचारलं का? 1890 च्या पालकत्व कायद्याप्रमाणे मूल समजण्याइतकं मोठं असेल तर न्यायाधीश त्याची इच्छा विचारात घेऊ शकतात. हल्ली ते मुलाला चेंबरमध्ये घेऊन हळुवार बोलतात. आपल्या घरी तोच प्रश्न आत्या, मावशी, शेजारीण, सगळ्या विचारतात, तेही जेवणाच्या पानावर.

आता आमचीच चूक. बैठकीनंतर त्या भगिनींनी फोन दाखवला. मागे आपल्याच पत्रिकेतून 'घर सांभाळते तीच खरी लक्ष्मी' असा सुविचार फोटोसह गेला होता. त्यांच्या घरच्या ग्रुपवर कुणीतरी तो सुनेला टोमणा म्हणून टाकला, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. नातू आजीच्या मोबाईलवर गेम खेळत होता. त्याने वाचलं आणि विचारलं, "आजी, हे माझ्या आईबद्दल आहे?" आजी म्हणाल्या, नाही रे. त्याला काय ते कळलं.

सुविचार आम्ही लिहिला होता. त्यात काही वाईट नाही असं आम्हाला तेव्हा वाटलं होतं, आता वाटत नाही. तो मागे घेतला आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी कृपया पुढे पाठवू नये.

काही जण विचारतील, बाप दारू पिऊन मारत असेल तरी त्याचं चांगलंच बोलायचं का? नाही. तिथे गप्प राहणं हे पाप आहे. वकिलाला सांगा, कोर्टात सांगा, भेट कुणाच्या तरी देखरेखीखाली मागून घ्या. पण ते कोर्टात सांगायचं, पोराच्या कानात नाही. आणि खरं सांगा, आपल्यातल्या किती घरांत असा प्रकार आहे? बहुतेक ठिकाणी दोन बरी माणसं आहेत, ज्यांचं एकमेकांशी पटलं नाही.

भगिनींनी सगळ्यात आधी तो फॅमिली ग्रुप बंद केला. मोठे दीर रुसले, ते अजून बोलत नाहीत.

चवथीला नातू आला. माटोळी बांधताना काकाने त्याला खांद्यावर घेतलं, कवंडळं आणि नारळ त्याने स्वतः बांधले. मग आजीनेच सांगितलं, "आईला फोन लाव, माटोळी दाखव." त्याने आधी बापाच्या तोंडाकडे पाहिलं. बाप म्हणाला, "लाव की." पेडण्याहून सून बोलली, सुपारीचा घड तिरका झालाय म्हणाली. खरंच झाला होता. बापाने शिडी लावून सरळ केला.

जाताना आजीने नेवऱ्यांचा डबा भरून दिला, आईसाठी म्हणून सांगून. डबा अजून परत आलेला नाही. भगिनी म्हणतात, येईल सावकाश.